‘खोटं’ लिहून थांबू नकोस

आरोग्याच्या अफवा तपासण्याच्या डेस्कवर तू आता बसणार, तेव्हा चार गोष्टी सांगून ठेवते. फोटो उलटा कसा शोधायचा, व्हिडिओच्या फ्रेम कशा काढायच्या, हे तुला तिथे कुणीही आठवड्याभरात शिकवेल. मी सांगते ते शिकवायला सहसा कुणी बसत नाही, म्हणून लिहूनच देते.

सगळ्यात आधी हे मनात पक्कं कर की मेसेज पुढे पाठवणारा आपला शत्रू नाही. कॅन्सरवरचा, डायबेटिसवरचा, बाळाच्या लसीवरचा मेसेज जो पाठवतो, त्याच्या घरात नाहीतर शेजारी बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असतं. तो घाबरलेला असतो, काहीतरी करावंसं त्याला वाटत असतं आणि मेसेज पाठवणं एवढंच त्याच्या हातात असतं. तू लाल शिक्का मारून मोकळी झालीस तर त्याच्या हातातलं तेवढंही काढून घेतलंस आणि बदल्यात काही दिलं नाहीस. मग ती रिकामी जागा पुढचा मेसेज येऊन भरतो. शिक्क्याच्या खाली काय लिहितेस त्यावर तुझं सगळं काम जोखलं जाईल.

म्हणून अधूनमधून ऑफिसच्या बाहेर पड. परळला टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या बाहेर, नाहीतर दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन बस. बाहेरगावाहून उपचाराला आलेले लोक तिथे राहतात. मोबाइल कसे वापरतात, काय ऐकतात, कुणाला विचारतात ते बघ. मला तिथे विदर्भातले एक गृहस्थ भेटले होते. बायकोचे केमो चालू होते. त्यांच्या एका कानात इअरफोन आणि दुसरा कान बायकोने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून मोकळा. भावाने मोबाइलवर पाठवलेल्या मेसेजमध्ये कुणाचा तरी आवाज सांगत होता की केमोपेक्षा गरम नारळपाणी घ्या. त्यांनी मला विचारलं, “ताई, इथले डॉक्टर खोटं सांगणार नाहीत हे कळतं मला. पण ह्यात पण टाटाच्याच मोठ्या डॉक्टरांचं नाव घेतलंय ना?”

त्या माणसाच्या विचारात काय चूक होती, सांग. आपल्या माणसाचा जीव ज्यांच्या हाती दिला, त्यांच्यावरच तो विश्वास ठेवत होता. खोटेपणा त्या नावाच्या चोरीत होता. आरोग्याची अफवा अज्ञानावर चालते असं लोक समजतात. माझ्या पाहण्यात ती विश्वासावर जास्त चालते, दुसऱ्याने कमावलेल्या विश्वासावर. तपासायला बसलीस की पहिला प्रश्न हा ठेव: ह्या मेसेजने कुणाचं नाव उधार घेतलंय?

तो गरम नारळपाण्याचा मेसेज आता नीट बघ, कारण शिकण्यासारखं बरंच काही त्यात एका जागी आहे. त्यात टाटा मेमोरियलचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव घातलेलं होतं. कपात खोबऱ्याचे दोन-तीन पातळ काप टाका, वर गरम पाणी ओता, ते पाणी ‘अल्कलाइन’ होतं, त्यातून कॅन्सर मारणारं द्रव्य बाहेर पडतं, ते फक्त वाईट पेशी मारतं आणि चांगल्यांना हात लावत नाही, असा एकूण मजकूर. शेवटी, हा मेसेज दहा जणांना पाठवा, निदान एकाचा तरी जीव वाचेल.

असा मेसेज हातात आला की त्याचे आधी तुकडे कर. प्रत्येक दावा वेगळ्या ओळीवर लिही. डॉ. बडवे हे म्हणाले का, ही पहिली ओळ. गरम पाण्याने खोबऱ्यातून काही औषधी द्रव्य सुटतं का, ही दुसरी. ‘अल्कलाइन’ पाण्याने कॅन्सर मरतो का, ही तिसरी. एवढं केलंस की अर्धा मेसेज आपोआप उघडा पडतो, कारण एकाच दमात वाचताना जे पटतं ते ओळीओळीत वाचताना पटत नाही.

पहिली ओळ तपासायला शास्त्र लागत नाही, फोन लागतो. ज्याचं नाव घेतलंय त्याला, नाहीतर त्याच्या संस्थेला विचार. लेखी उत्तर माग आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडी काही घालू नकोस. ह्या बाबतीत टाटा मेमोरियलने स्वतःच खुलासा काढला की डॉ. बडवे असं काही बोललेले नाहीत. हा खुलासा शोधायला तुला पाच मिनिटं लागतील, पण धर्मशाळेतल्या त्या माणसापर्यंत तो कधी पोचला नव्हता. ह्या मुद्द्यावर मी पुढे परत येईन.

मग मजकुरातलं एखादं विचित्र वाक्य उचल आणि ते जसंच्या तसं शोध. ह्या मेसेजचं तसं केलंस तर तुला हाच मजकूर लिंबाच्या गरम पाण्यावर सापडेल, अननसाच्या गरम पाण्यावरही सापडेल. वाक्यं तीच, दहा जणांना पाठवण्याची विनवणी तीच. फळ बदललं आणि डॉक्टर बदलला. कुठे चीनमधल्या लष्करी रुग्णालयाचे डॉक्टर, कुठे आणखी कुणी. आपल्याकडे येताना त्याला परळचा पत्ता मिळाला. वाचकाला हे तिन्ही मेसेज शेजारी शेजारी लावून दाखव. तुझ्या दहा परिच्छेदांपेक्षा ते जास्त काम करतं, कारण तिथे निकाल तो स्वतः लावतो.

आता ‘अल्कलाइन’. इथे नुसतं ‘शास्त्रज्ञ नाही म्हणतात’ असं लिहिलंस तर कुणाच्या डोक्यात राहणार नाही. कारण सांग. काहीही प्यायलं तरी ते आधी पोटातल्या आम्लात पडतं. आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ ह्या अरुंद पट्ट्यात ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अहोरात्र झटत असतात. कपभर पाण्याने तो हलत असता तर लिंबू-सरबत पिऊन माणसं आजारी पडली असती. हे एवढंच वाचकाच्या लक्षात राहिलं तर उद्या ‘अल्कलाइन’ डाएट, ‘अल्कलाइन’ बाटली, ‘अल्कलाइन’ मशीन असं काहीही आलं तरी तो तुझ्याशिवाय ओळखेल.

पुढची गोष्ट जरा अवघड आहे. प्रत्येक टिकाऊ अफवेत खऱ्याचा एक दाणा असतो, तो शोधल्याशिवाय लिहायला बसू नकोस. ‘इमिटिनेफ मर्सिलेट’ नावाचं औषध सगळ्या प्रकारचा रक्ताचा कॅन्सर बरा करतं आणि चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये ते फुकट मिळतं, हा मेसेज कित्येक वर्षं फिरतो आहे. अशा नावाचं औषध नाही म्हणून तू ‘खोटं’ लिहिशील आणि त्यात एक घात करशील. ते नाव म्हणजे ‘इमॅटिनिब मेसिलेट’ ह्या खऱ्या औषधाच्या नावाचा अपभ्रंश आहे. अमेरिकेत २००१ साली त्याला मान्यता मिळाली आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया ह्या एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरचं चित्र त्याने पालटलं. आज तो आजार असलेली माणसं रोज गोळी घेऊन नोकरी करतात, संसार करतात. तुझं ‘असं औषधच नाही’ हे वाचून अशा एखाद्या पेशंटने गोळी बंद केली तर? तेव्हा लिहायचं ते असं: औषध खरं आहे, पण रक्ताच्या सगळ्या कॅन्सरवर चालत नाही. ते कुणाला द्यायचं हे तपासणी करून डॉक्टर ठरवतात, आणि त्यासाठी चेन्नईची गाडी पकडण्याआधी जवळच्या कॅन्सर रुग्णालयात विचारा.

असाच एक दाणा साखरेच्या गोष्टीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाला हे सांगताना त्यांनी लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंब, साखर बंद अशा आहारावर भर दिला. व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. दोनच दिवसांत टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी एक निवेदन काढलं. साखर-दूध बंद करून आणि हळद-कडुनिंब खाऊन कॅन्सर बरा होतो ह्याला दर्जेदार पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असा त्याचा आशय होता. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही झाली होती. आणि नंतर सिद्धूंनीही सांगितलं की तो आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचाराला जोड म्हणून होता.

हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाच. इथे फसवायला कुणी बसलेलं नव्हतं. एक नवरा आपल्या बायकोच्या बरं होण्याचं कौतुक सांगत होता. तू तपासताना त्याच्या आनंदावर बोट ठेवलंस तर वाचक तुझ्यावर चिडेल आणि ते रास्तच असेल. तिथे फक्त गाळलेली गोष्ट परत जागेवर ठेवायची होती: ऑपरेशन आणि केमो. व्हिडिओत काय आहे त्याइतकंच व्हिडिओतून काय वगळलंय हे शोधणं ही आपल्या कामातली खरी कसोटी. कुणी बरं झाल्याची गोष्ट आली की विचार, त्याच काळात आणखी कोणते उपचार चालू होते?

आता साखरेतला दाणा. कॅन्सरच्या पेशी साखर भराभरा ओढतात, हे खरं आहे. ऑटो वॉरबुर्ग ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते दाखवलं, आणि पेट स्कॅन त्यावरच चालतो. पेशंटला साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि गाठ जिथे ते जास्त ओढते तिथे पडद्यावर चमकते. ज्याने स्वतःचा पेट स्कॅन काढलाय त्याला ‘साखर आणि कॅन्सरचा काही संबंध नाही’ असं सांगशील तर तो तुला खोटारडी समजेल. त्याला पुढचं सांग. तोंडातून साखर बंद केली तरी यकृत प्रथिनांतून आणि चरबीतून साखर बनवतंच, कारण मेंदूला आणि रक्तपेशींना ती लागते. गाठ उपाशी राहत नाही, पेशंट राहतो. वजन घटलं, अशक्तपणा आला की केमोचा पुढचा डोस पुढे ढकलावा लागतो. ताटातलं दूध, भात, फळ काढून घेण्याचा खरा धोका हा आहे, आणि तो फार थोडे लोक लिहितात. जादा साखर कुणालाच चांगली नाही हेही त्याच दमात लिही, नाहीतर लोक तुला मिठाईवाल्यांची वकील ठरवतील.

प्रयोगशाळेचं एक सांगते. हळदीतल्या कुर्कुमिनने काचेच्या तबकडीतल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, असे शोधनिबंध तुला ढिगाने सापडतील आणि ते खोटे नसतील. पण तबकडीत पेशींवर औषध थेट ओततात. माणसाने खाल्लेल्या हळदीतलं कुर्कुमिन रक्तात फार थोडं उतरतं. तबकडी, मग उंदीर, मग थोडी माणसं, मग शेकडो माणसं दोन गटांत वाटून, ह्या प्रत्येक पायरीवर बहुतेक औषधं गळून पडतात. निबंध कोणत्या पायरीवरचा आहे हे आधी बघ, मथळा नंतर वाच. २०१६ सालचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना यीस्टमधल्या ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशी स्वतःचेच जुने भाग पचवते त्या प्रक्रियेच्या, संशोधनासाठी मिळालं, आणि आपल्याकडे ‘उपवासाने कॅन्सर मरतो हे नोबेलने सिद्ध केलं’ असे मेसेज फिरले. निबंध मागे घेतला गेलाय का हेही तपास. अँड्र्यू वेकफिल्डचा लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’ने १९९८ साली छापला. त्यात मुलं होती १२. तो २०१० साली मागे घेतला गेला, वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही गेला. पण आजही आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर तो निबंध जिवंत आहे.

हळदीवरून आठवलं, घरच्या औषधांची टर उडवू नकोस. कधीच नाही. आजीचा काढा, हळद-दूध, ओवा, सुंठ ह्यांत माया आहे, आणि सर्दी-खोकल्याला त्याने बरंही वाटतं. तू हसलीस की वाचक आजीच्या बाजूने उभा राहतो, आणि राहायलाच हवा. सीमा कुठे आहे ते दाखव. घशाला आराम मिळण्यासाठी काढा घेणं वेगळं, आणि इन्सुलिन बंद करून काढा घेणं वेगळं.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे मात्र सोडू नकोस. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा रस सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा पेशंटांचा अहवाल एका वैद्यकीय नियतकालिकात छापला, की गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली दिसली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की ही वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे पाहिलेलं नाही. अशा वेळी एका बाजूचा निकाल लावायची घाई करू नकोस. दोन्ही बाजू लिही आणि वाचकाला आज जे उपयोगी आहे ते सांग: रोज गुळवेल घेत असाल तर डॉक्टरांना ते सांगा. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गुळवेल बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. हा सल्ला दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखा आहे.

शब्द जपून वापर. ‘पुरावा नाही’, ‘चुकीचं आहे’ आणि ‘अजून नक्की माहीत नाही’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. मास्कच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२०च्या सुरुवातीला एक होता आणि जूनमध्ये तो बदलला. ज्यांनी आधी छातीठोकपणे ‘मास्क निरुपयोगी’ लिहिलं होतं त्यांच्यावरचा विश्वास नंतर कुणी भरून दिला नाही. लेखाच्या वर तारीख टाक आणि ‘आज उपलब्ध माहितीनुसार’ हे शब्द लिहायला लाजू नकोस.

आता जे तपासायचं नाही ते. रोज शंभर गोष्टी येतील. पाच जणांनी पाहिलेल्या मूर्खपणावर तू लेख लिहिलास तर पन्नास हजारांना तो तूच दाखवलास. दोन प्रश्न विचार: किती पसरलंय, आणि कुणी विश्वास ठेवला तर काय होईल? व्हॉट्सॲपचे मेसेज बंद लिफाफ्यातून जातात, बाहेरून कुणालाच दिसत नाहीत, म्हणून वाचकांनी आपल्या टिपलाइनवर पाठवलेले मेसेज हीच आपली नाडी. एकच मेसेज वेगवेगळ्या जिल्ह्यांतून यायला लागला की उचल. मेसेजच्या वर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून पुढे आलाय. २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तरी पाठवणारे पाठवतातच. आणि कमी पसरलेला पण जीव घेणारा मेसेज असेल तर थांबू नकोस. २०२० साली दारूने कोरोना जातो ह्या अफवेपायी इराणमध्ये मिथेनॉल पिऊन शेकडो माणसं मेली. त्याच वसंतात आपल्याकडे कोंबडीतून कोरोना येतो ह्या मेसेजने महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्याने जीव गेले नसतील, पण कर्ज काढून शेड बांधलेली घरं बसली. अपाय फक्त शरीराला होत नाही, हे निवड करताना लक्षात असू दे.

मथळ्यात अफवा ठेवू नकोस. ‘गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो का?’ असा मथळा दिलास तर घाईतला वाचक ‘गरम नारळपाणी’ आणि ‘कॅन्सर बरा’ एवढंच घेऊन पुढे जातो. खरी गोष्ट आधी लिही, मग अफवा एकदाच आणि ‘हे चूक आहे’ असं आधी बजावून, मग ती कशी फसवते ते, आणि शेवटी परत खरी गोष्ट. ह्या विषयावर काम करणाऱ्या बावीस अभ्यासकांनी २०२० साली मिळून एक पुस्तिका काढली, तिच्यातही साधारण हाच क्रम आहे. कुणी तुला सांगेल की चूक दाखवली की लोक उलट जास्तच हट्टाला पेटतात, मग कशाला दाखवायची? २०१० साली ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांच्या प्रयोगांत तसं दिसलं होतं खरं. पण पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी पन्नासहून जास्त मुद्द्यांवर ते तपासलं तेव्हा असा उलटा परिणाम क्वचितच आढळला. लोक ऐकतात. आपण त्यांच्यापर्यंत पोचत नाही, ही आपली अडचण आहे.

म्हणून तो खुलाशाचा मुद्दा. टाटाचा खुलासा इंग्रजीत होता, संकेतस्थळावर होता. अफवा मराठीत होती, आवाजात होती, आणि भावाने पाठवलेली होती. तुझा लेख वेबसाइटवर पडला म्हणजे पोचला असं मानू नकोस. प्रत्येक लेखाबरोबर एक मिनिटाचा ऑडिओ कर, बोलीला जवळच्या मराठीत, डॉक्टरच्याच आवाजात मिळाला तर उत्तम. एक उभं कार्ड कर, ज्यावरचा मजकूर चष्म्याशिवाय वाचता येईल. लिंक उघडावी लागू नये, सगळं कार्डातच असावं. अफवेचा मूळ फोटो वापरलास तर त्यावर आडवं मोठं ‘चूक’ छापून वापर, नाहीतर तुझाच फोटो कापून कुणी परत फिरवेल.

घरच्या ग्रुपवर काकांनी काही टाकलं तर तिथे सगळ्यांसमोर दुरुस्त करायला जाऊ नकोस. फोन कर. “काका, तुम्ही पाठवलेलं वाचलं, कुणाला बरं नाही का?” असं विचार. बऱ्याचदा खरी गोष्ट तिथे निघते. कुणाची तरी बायोप्सी झालेली असते आणि घरात अजून सांगितलेलं नसतं. मग कार्ड काकांनाच दे आणि ग्रुपवर त्यांनाच टाकू दे.

पैशाचा माग मात्र कडकपणे काढ. व्हिडिओ शेवटपर्यंत बघ, शेवटच्या काही सेकंदांत फोन नंबर किंवा ‘ऑर्डर करा’ येतंय का. डॉ. देवी शेट्टी, डॉ. नरेश त्रेहान अशा नामांकित डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज बनावट करून औषधं विकणारे व्हिडिओ आता येतात. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, मान हलते पण खांदे हलत नाहीत, अशा खुणा अजून दिसतात, पण त्यांवर फार काळ विसंबू नकोस. मूळ मुलाखत शोध, तीच भक्कम. औषधे आणि जादुई उपाय कायदा १९५४ चा आहे. कॅन्सर, मधुमेह अशा ठरावीक आजारांवर औषधाची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. तेव्हा लेख लिहून गप्प बसू नकोस, अन्न व औषध प्रशासनाकडे आणि जाहिरातींच्या मानक परिषदेकडे तक्रार टाक आणि तक्रारीचा क्रमांक लेखात छाप. इथे मवाळपणा नको. फॉरवर्ड करणाऱ्यावर माया कर, विकणाऱ्यावर नाही.

चूक तुझीही होईल. ती लेखाच्या वरच्या बाजूला, तारखेसह, सरळ शब्दांत दुरुस्त कर. ज्या ग्रुपांवर आधीचं कार्ड गेलं तिथे नवं पाठव.

लेख छापून आल्यावर फोन येतील. “मग आम्ही करू काय?” असं लोक विचारतील. औषध सांगू नकोस, तो आपला अधिकार नाही. पण रिकाम्या हाती पाठवू नकोस. पुष्कळ लोक नारळपाण्याकडे वळतात ते उपचार परवडत नाहीत म्हणून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे कितीतरी उपचार बसतात आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, हे त्यांना सांग. मोठ्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांच्याकडे धर्मशाळेची आणि ट्रस्टच्या मदतीची माहिती असते. आणि पुढच्या केमोची तारीख विचारून घे, ती चुकवू नका म्हणावं.

शेवटचं, वेळेचं. अफवांनाही हंगाम असतो. जुलै उजाडला की पपईच्या पानांचा रस आणि डेंग्यू येणारच. प्लेटलेट वाढतात म्हणून लोक तो देतात. ताप उतरून माणूस सावरू लागला की प्लेटलेट तशाही आपोआप चढतात आणि श्रेय पपईला जातं. काही लहान चाचण्यांत थोडा फरक दिसलाय, पण त्याने गुंतागुंत टळते असं दिसलेलं नाही. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो, जेव्हा घरचे निर्धास्त झालेले असतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, पेशंट सुस्त होणं, ह्यातलं काही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठायचं, आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन द्यायचं नाही. अफवा येण्याआधी लोकांच्या मोबाइलमध्ये हे असेल तर पपईच्या मेसेजला तिथे जागा उरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात हे कार्ड जाऊ दे. जुनं कार्ड डेस्कच्या फोल्डरमध्ये आहे, पण त्यावरचे रुग्णालयांचे नंबर एकदा लावून बघ आणि मगच छाप.